आपल्या गावाचा झेंडा काढायचाय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी सुरुवातीपासून

सीमाभागात झेंडा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठला? भगवा की लाल-पिवळा? म्हणून आधीच सांगते, हा लेख त्या दोघांबद्दल नाही आणि त्यांना पर्याय म्हणूनही नाही. भगवा आपल्या जागी आहे, मनात आहे, तो कुठं जात नाही. इथं बोलायचंय ते गावाच्या वारशाच्या झेंड्याबद्दल, म्हणजे असा झेंडा जो महापालिकेनं मंजूर केलेला नाही, कुणी अध्यादेश काढलेला नाही, पण जो मोबाईलच्या कव्हरवर दिसला तरी पुण्यात किंवा दुबईत राहणारा बेळगावकर म्हणेल, अरे हे आपल्याकडचं की!

असे झेंडे जगभर लोकांनी स्वतःच काढलेत. लांब कशाला, कर्नाटकातला लाल-पिवळा झेंडासुद्धा मुळात सरकारी नाहीच, म. राममूर्ती यांनी १९६० च्या दशकात तो पुढं आणला आणि लोकांनी उचलून धरला. २०१८ साली राज्य सरकारनं पिवळा-पांढरा-लाल आणि मधे गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, असा वेगळा झेंडा तयार करून केंद्राकडं मंजुरीला पाठवला, तरी रस्त्यावर दिसतो तो जुनाच. सांगायचा मुद्दा एवढाच की झेंडा टिकतो तो लोकांनी घरात घेतला म्हणून, शिक्का मारला म्हणून नाही. आणि आपल्याकडं घरात घ्यायचा तर तो मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणाऱ्या सगळ्या घरांत जायला पाहिजे, कारण वारसा गल्लीचा असतो, आणि आपल्या गल्लीत हे सगळेच राहतात. पुढं जे लिहिलंय ते सगळं ह्याच एका अटीवर उभं आहे.

आधी "गाव" म्हणजे नेमकं किती ते ठरवा

नवीन माणूस बसतो आणि म्हणतो, बेळगाव जिल्ह्याचा झेंडा काढू. नका काढू. जिल्हा फार मोठा आहे, हलशीच्या जंगलातलं देऊळ, अथणीचा चपलांचा धंदा, गोकाकचा धबधबा, सौंदत्तीचा डोंगर हे सगळं एका कापडावर आणायला गेलात तर कापड नाही, शाळेतला चार्ट तयार होतो. जेवढं छोटं क्षेत्र तेवढा झेंडा चांगला. तालुका चालेल, शहर चालेल, एखादी पेठ तर फारच छान. शहापूरचंच बघा, आज ते बेळगावातच मिसळलंय, रिक्षावाला वेगळं काही मानत नाही, पण संस्थानी काळात बेळगाव इंग्रजांकडं आणि शहापूर सांगली संस्थानात होतं, विणकरांची वस्ती, साड्यांचा बाजार, सगळा बाजच वेगळा. म्हणजे शहापूरचा झेंडा आणि बेळगाव किल्ल्याचा झेंडा वेगळे होऊ शकतात, आणि झाले तर उलट मजा आहे.

मग सामान गोळा करा, पण डिझाइन अजून नाही

ह्या टप्प्यावर पेन्सिल हातात घ्यायची नाही. वही घ्यायची. लोकांना विचारताना "झेंड्यावर काय असावं?" असं विचारू नका, कारण मग प्रत्येकजण ठरलेली चार नावं सांगतो, महाराज, किल्ला, देव आणि ऊस. त्याऐवजी विचारा, गाव सोडून लांब राहिलात तर डोळ्यासमोर पहिलं काय येतं? एस्टीतून येताना काय दिसलं की वाटतं, आलं गाव? ह्याची उत्तरं फार वेगळी येतात, कुणी तांबडी माती सांगतो, कुणी पावसाळ्यात धुक्यात गेलेलं कॅम्प, कुणी मागाचा खटखट आवाज, कुणी भट्टीतली कौलं. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, आठवडी बाजारात बसणाऱ्या बायकांना विचारा, आणि मुद्दाम दुसऱ्या भाषेच्या शेजाऱ्याला विचारा. दोन भाषांच्या माणसांनी एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगितली तर तिच्याखाली दोनदा रेघ मारा. तेच तुमचं सोनं.

ह्याच्या जोडीला थोडा इतिहास वाचा, कारण आपल्या भागाला झेंड्यांचा स्वतःचा जुना इतिहास आहे आणि बहुतेकांना तो माहीतच नाही. हलशी-गोव्याच्या कदंब राजांच्या शिलालेखांत सिंहाचं लांछन, म्हणजे राजचिन्ह, आणि वानरध्वज येतो. सौंदत्तीच्या रट्टांचा, ज्यांनी पुढं वेणुग्राम म्हणजे आपलं बेळगाव राजधानी केलं, त्यांचा सुवर्णगरुडध्वज होता. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी ह्याच मातीत कुणीतरी बसून ठरवत होतं की आपल्या निशाणावर काय असावं. आता हे जसंच्या तसं उचलायचं असं मी म्हणत नाही, गरुड किंवा वानर कापडावर नीट काढणं अवघड आणि त्याला आज धार्मिक अर्थ लगेच चिकटतो, शिवाय कदंबांचा सिंह गोव्यातल्या एस्टीवर वर्षानुवर्षं फिरतोय. पण माहीत असावं. कुणी म्हणालं की गावाला झेंडा ही कसली परदेशी फॅशन, तर हे सांगता येतं.

बेळगाव शहरासाठी वहीत काय काय येऊ शकतं त्याची एक झलक देते. किल्ला, वरून बघितला तर लंबगोल आणि भोवती खंदक. किल्ल्यातली कमलबस्ती, रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली बांधलेली. त्याच किल्ल्यात सफा मशीद आणि दारातच दुर्गामातेचं देऊळ. वेणुग्राम नावातला वेळू. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन, आणि त्यासाठी टिळकवाडीकडं खोदलेली काँग्रेस विहीर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथंच सायकलचं दुकान टाकलं होतं, तिथपासून आजच्या उद्यमबागच्या फौंड्रींपर्यंतचं लोखंडाचं काम. कुंदा, मांडे, बेळगाव बासमती. एवढं सामान आहे आपल्याकडं, आणि झेंड्यात ह्यातलं फार तर दोन गोष्टींना जागा आहे.

आता चाळणी लावा, इथंच बहुतेक झेंडे वाचतात किंवा बुडतात

पहिली चाळणी, पक्षाचं चिन्ह. कमलबस्तीच्या छतातलं ते दगडी कमळ, खाली उभं राहून मान वर करून बघितलं तर काळ्या दगडात पाकळ्यांची रांग, आत पुन्हा पाकळ्यांची रांग, मधोमध खाली लोंबणारा गाभा, अख्ख्या शहरात त्याच्यासारखी रेखीव गोष्ट दुसरी नाही असं माझं मत आहे. पण कापडावर कमळ काढलंत की कुणीतरी म्हणणारच, "हे काय काढूलास रे, पार्टीचा झेंडा काय?" आणि तिथंच विषय संपला. तेच हाताचं, धनुष्यबाणाचं, मशालीचं, घड्याळाचं, तुतारीचं, भाताचा भारा डोक्यावर घेतलेल्या बाईचं. ह्यातल्या काही गोष्टी कितीही सुंदर, कितीही जुन्या असोत, सोडून द्या. कमळावर जीवच असेल तर फक्त छताची भूमिती घ्या, एकात एक वर्तुळं आणि कडेला कंगोरे, पाकळीचं टोक न काढता. पण मला विचाराल तर त्यापेक्षा किल्ल्याचा लंबगोल आणि त्यात वेळूची दोन-तीन पेरं, हे सोपं आहे, कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे.

दुसरी चाळणी, मान-अपमान. अथणी आणि निपाणीकडच्या चपलांचं उदाहरण घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही त्यात आले, म्हणजे हा वारसा कागदोपत्री दोन्ही राज्यांचा आहे, ह्याच्यापेक्षा सीमाभागाला शोभणारी गोष्ट कुठली? पण चप्पल काठीवर डोक्याच्या वर फडकवणार का? नाही. मग काय करायचं, चपलेवरची वेणी घ्या, चामड्याच्या पट्ट्या एकमेकीत गुंफून जी वेणी केलेली असते तिचा नुसता नमुना, आडव्या पट्ट्यासारखा. कारागीर बघताक्षणी ओळखेल आणि बाकीच्यांना छान नक्षी दिसेल. वस्तू न काढता वस्तूतला नमुना काढायचा, ही युक्ती लक्षात ठेवा, शहापूरच्या साडीच्या काठालाही हीच लागू होते, साडी काढायची नाही, काठीकडच्या बाजूला उभा काठ काढायचा.

निपाणीच्या तंबाखूचं जरा अवघड आहे. वखारी, जर्द्याचा वास, विड्या वळणाऱ्या बायकांचे हात, गावाची अख्खी घडणच त्या पानावर झालीय, ते नाकारणं म्हणजे त्या बायकांचे कष्ट नाकारणं. दुसरीकडं शाळेच्या पोरांच्या हातात तंबाखूच्या पानाचा झेंडा द्यायचा का, हाही प्रश्न खरा आहे. ह्याचा निकाल बाहेरच्यानं लावू नये, निपाणीकरांनीच बसून ठरवावं, आणि ठरवताना विडी कामगार बायकांना बैठकीत पुढं बसवावं.

तिसरी चाळणी लवकर उरकते: खाण्याच्या वस्तू कापडावर ओळखू येत नाहीत. कुंद्यावर माझं कितीही प्रेम असलं तरी लांबून तो तपकिरी ठिपका.

चौथी, व्यक्ती. कुणाचाही चेहरा नको, कितीही मोठा माणूस असो. चेहरा नीट जमत नाही, फाटका झेंडा कुठं पडला तर भावना दुखतात, आणि एकाचा घेतला की दुसऱ्याचा का नाही हे सुरू होतं. शिवरायांची, चन्नम्मांची, रायण्णांची जागा ह्याच्यापेक्षा मोठी आहे.

काढायला बसा, एक उदाहरण घेऊन करू

खानापूर तालुका घेऊया. वहीत आलेल्या गोष्टी: जंगल, तांबडी माती, कुंभारकाम आणि कौलं, कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, हलशीची कदंबकालीन देवळं, भात.

नवख्या माणसाला पहिलं काय सुचतं सांगू? वर जंगलाचा हिरवा पट्टा, मधे मलप्रभेचा पांढरा, खाली तांबड्या मातीचा विटकरी. अर्थ सगळे बरोबर, दिसायलाही छान. आता चार पावलं मागं जाऊन बघा. वर हिरवा, मधे पांढरा, खाली तांबडा-केशरी. तिरंगा उलटा लावलाय! लांबून कुणालाही तसंच वाटणार आणि ते कुणीच खपवून घेणार नाही, घेऊही नये. हे कागदावर अर्धा फूट अंतरावरून कळत नाही, म्हणून मुद्दाम दाखवलं. आडवे तीन पट्टे आणि त्यात हिरवा, पांढरा, केशरी किंवा तांबडा असं काहीही भारतात काढूच नका, कुठल्याही क्रमानं.

मग पुन्हा वहीकडं या. खानापूर तालुक्याची एक गोष्ट आहे जी दुसऱ्या तालुक्याला सहसा नसते, इथून दोन नद्या निघतात आणि दोन उलट दिशांना जातात. मलप्रभा पूर्वेला, कुडलसंगमाला कृष्णेला मिळते. म्हादई पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला. एकाच डोंगररांगेचं पाणी दोन्हीकडं. तर आता विटकरी रंगाचं कापड घ्या, त्यावर वरच्या कडेच्या मधोमध एक बिंदू धरा आणि तिथून दोन पांढरे पट्टे खालच्या दोन कोपऱ्यांकडं सोडा. झालं. हा सह्याद्रीचा माथा, ह्या दोन नद्या, आणि हेच खानापुरी कौलारू घराचं छप्पर, खाली रंग भाजलेल्या मातीचाच. एका आकारात तीन अर्थ बसले, रंग दोनच, जंगल गेलं पण जंगलासाठी झेंडा बिघडवण्यात अर्थ नव्हता. उलट्या बाजूनं बघितला तरी तसाच दिसतो. पट्टे सरळ ठेवायचे की जरा वळणदार हे ज्याच्या त्याच्या आवडीवर, मला सरळ आवडतात, शिंप्यालाही.

असाच विचार तुमच्या गावाबद्दल करा. गोष्टी जोडत जाऊ नका, एका आकारात किती गोष्टी मावतात ते शोधा. अमेरिकेतल्या शिकागो शहराचा झेंडा १९१७ पासूनचा, पांढऱ्यावर दोन फिकट निळे पट्टे आणि मधे लाल चांदण्या, एवढाच, आणि ते पट्टे तिथल्या पाण्यासाठीच आहेत. लोक तो टोप्यांवर, सायकलींवर, अंगावर गोंदवूनसुद्धा घेतात.

अक्षर नको, म्हणजे नकोच

झेंड्यावर लिहू नये हा जगभरचा नियम आहे, कारण कापड हलतं, लांबून वाचता येत नाही, आणि मागच्या बाजूनं अक्षरं उलटी दिसतात. अमेरिकेत पोकाटेलो नावाच्या गावाच्या झेंड्यावर घोषवाक्य होतं, वर कॉपीराइट आणि ट्रेडमार्कच्या खुणासुद्धा होत्या, २००४ च्या एका पाहणीत त्याला देशातला सगळ्यात वाईट शहरझेंडा ठरवलं आणि २०१७ मध्ये त्यांनी तो बदलला.

पण आपल्याकडं ह्या नियमाला अजून एक वजन आहे. ज्या गावात दुकानाची पाटी कुठल्या लिपीत, कुठली भाषा वर, अक्षर केवढं मोठं ह्यावरून काचा फुटतात, त्या गावाच्या झेंड्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलंत की तो झेंडा त्याच दिवशी अर्ध्या गावाचा झाला. मग कुणी म्हणतं दोन्ही लिपीत लिहू, तर वर कुठली? कुणी म्हणतं इंग्रजीत लिहू, मग तो कुणाचाच नाही. काहीच न लिहिणं हा भित्रेपणा नाही. मराठीवर जीव ओवाळून टाकणारी मी, तरी हेच सांगते. रंग आणि आकार कुठल्याही भाषेत वाचता येतात, आणि मराठी माणसाला त्यात आपलं घर दिसलं की काम झालं.

सालही लिहू नका. बोधचिन्ह, गोल शिक्का, नगरपालिकेची मुद्रा तर नाहीच.

रंगांचं गणित

दोन रंग उत्तम, तीन चालतात, चौथा आला की विचार करा. सोपा नियम: पांढरा आणि पिवळा हे फिकट, बाकी लाल, निळा, हिरवा, काळा, विटकरी हे गडद. फिकटाला फिकट चिकटवायचा नाही, गडदाला गडद नाही. गडद हिरव्यावर विटकरी काढलात तर दहा पावलांवरून दोन्ही एकच दिसतात. दोन गडद शेजारी आलेच तर मधून पांढरी पट्टी सोडा. मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, आकार हरवला तर रंग चुकले.

आता आपल्याकडचा खास प्रश्न, रंग आधीच वाटून झालेत. नुसता भगवा घेतला की एक अर्थ, लाल आणि पिवळा शेजारी घेतले की दुसरा, हिरव्यावर चंद्र-चांदणी काढली की तिसरा, निळ्यालाही स्वतःचा मान आहे. म्हणून गावातच पडलेले रंग शोधा. खानापूरचा विटकरी. देवळांचा काळा दगड. भंडाऱ्याचा पिवळा, हा मला फार जवळचा वाटतो, सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला मराठी-कन्नड दोन्ही घरांतली माणसं जातात आणि येताना सगळ्यांच्या कपाळावर एकच पिवळा असतो. काळ्या दगडावर भंडाऱ्याचा पिवळा, ही जोडी लांबून झळझळीत दिसते आणि माझ्या माहितीतल्या कुठल्याही संघटनेची नाही. तुम्ही मात्र तुमच्या गावात एकदा खात्री करून घ्या.

रंग ठरले की त्यांचे कोड, म्हणजे कॉम्प्युटरमधले रंगांचे नंबर, लिहून ठेवा. "तसला पिवळा" म्हणून तीन दुकानांत तीन पिवळे मिळतात.

कागदावरच्या चाचण्या

माप ३:२ धरा, म्हणजे लांबी तीन भाग, उंची दोन. तिरंग्याचंही हेच आहे त्यामुळं शिंप्यांना सवय असते, ९०० बाय ६०० मिलिमीटर हे माप घरासाठी बरं पडतं.

डिझाइन दीड इंच बाय एक इंचाच्या चौकटीत काढा आणि हात लांब करून बघा. साधारण शंभर फुटांवरच्या मोठ्या झेंड्याएवढं ते दिसतं. ह्यात जे दिसत नाही ते झेंड्यावर नकोच. मग चौथीतल्या पोराला एकदा दाखवा, कागद काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी आठवणीतून काढायला सांगा, त्यानं जे सोडलं ते बहुतेक जास्तीचं होतं. मग कागद सैल धरून खाली लोंबवा, कारण आपल्याकडं वारा बारा महिने नसतो, झेंडा बराच वेळ काठीला चिकटून पडलेला असतो, तेव्हा काठीकडचा भाग आणि वरचा कोपरा एवढंच दिसतं, तुमची मुख्य खूण मोकळ्या टोकाला असेल तर ती कुणाला दिसणारच नाही.

कॉम्प्युटरवर काढायला इंकस्केप फुकट मिळतं. कॅनव्हावरही होतं पण शेवटची फाइल व्हेक्टर असू द्या, नाहीतर मोठा प्रिंट काढताना कडा फुटतात.

कायद्याचं, हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका

गावासाठी एक चिन्ह काढून घरात लावणं ह्यात गैर काही नाही, पण काही गोष्टी पक्क्या पाळायच्या. अशोकचक्र वापरायचं नाही. सारनाथचे सिंह ही भारताची राजमुद्रा, तिच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, हात लावायचा नाही. गंडभेरुंड कर्नाटकच्या राजचिन्हात आहे, तोही नको. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणं दुसरा झेंडा तिरंग्यापेक्षा उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीनं शेजारी लावायचा नसतो, तेव्हा सोपं म्हणजे तिरंगा जिथं आहे तिथं तुमचा झेंडा आणायचाच नाही. किल्ला तलावाजवळच्या त्या उंच तिरंग्यासमोर फोटो काढायचा मोह होईल, तिथंही हातात धरून उंच करू नका.

सार्वजनिक चौकात, सरकारी इमारतीवर, विजेच्या खांबावर, देवळाच्या कळसाजवळ लावायचा नाही. चौकात काठी रोवायची तर परवानगी लागते, आणि आपल्या शहरात झेंड्याची काठी हा किती नाजूक विषय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको, एका काठीवरून बंदोबस्त लागलेला आपण बघितलाय. स्वतःचं घर, गॅलरी, दुकानाची आतली भिंत, बॅज, टीशर्ट, स्टेटस, एवढ्यात भरपूर जागा आहे. पहिल्यांदा लोकांना दाखवायचा दिवसही विचार करून निवडा, १ नोव्हेंबर, म्हणजे राज्योत्सव आणि काळा दिवस, नको, शिवजयंतीची मिरवणूक नको, निवडणुकीचा महिना तर नकोच. १८ एप्रिल जागतिक वारसा दिन असतो, विषयाला धरून आहे आणि कुणाच्या अंगावर येत नाही.

कापड आणि शिलाई

पहिला नमुना प्रिंट करून घ्या, पॉलिस्टरवर डिजिटल प्रिंट मिळतो, स्वस्त पडतो, चूक दुरुस्त करता येते. फ्लेक्सवर करू नका, फ्लेक्स म्हणजे बॅनर, तो फडकत नाही. प्रिंटमध्ये एक बघा, मागच्या बाजूला रंग किती उतरलाय, काही ठिकाणी मागून अगदी फिकट येतो.

नक्की झालं की शिवून घ्या, शिवलेल्या झेंड्याची मजा वेगळीच. दुमडून जोडलेले तुकडे, दोन्ही बाजूंनी सारखे रंग, उन्हात धरला की शिवणीची रेघ दिसते. शिंप्याला फाइल दाखवू नका, पूर्ण मापाचा कागदी पॅटर्न कापून द्या आणि शिवणीची अर्धा इंच जागा सोडलीय हे तोंडानं सांगा. खानापूरच्या आपल्या उदाहरणात पांढरे पट्टे वरून लावण्यापेक्षा तीन विटकरी तुकडे आणि दोन पांढरे एकमेकांना जोडून घेतले तर मागूनही स्वच्छ दिसतो. काठीकडच्या बाजूला जाड कापडाचा नेफा करून घ्या, काठी आत जाईल एवढा रुंद, आणि वरचं तोंड बंद, नाहीतर झेंडा घसरून खाली येतो. मोकळ्या कडेला शिलाईच्या तीन-चार रांगा एकाशेजारी एक मारून घ्या, झेंडा फाटतो तो कायम तिथूनच.

आपल्याकडचा पाऊस लक्षात घ्या. खानापूर-कणकुंबी पट्ट्यात तर चार महिने बाहेर ठेवायचाच नाही, सुती कापडाला बुरशी धरते. उन्हात लाल आणि केशरी लवकर उडतात, विटकरीही थोडा उतरतो.

शिवण कशी असावी हे बघायचं तर हुबळीला बेंगेरीत खादीचे तिरंगे तयार होतात, तिथला एखादा झेंडा हातात घेऊन बघा, चक्र दोन्ही बाजूंनी कसं बरोबर जुळतं आणि दोरी आत कशी बसवलेली असते ते कळतं.

लोकांपुढं ठेवताना

एकच डिझाइन घेऊन "हा आपला झेंडा" म्हणून जाहीर करू नका, लोक दुखावतात. तीन पर्याय ठेवा, प्रत्येकाबरोबर चार ओळी अर्थ लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही मजकूर त्या-त्या भाषेच्या माणसानं स्वतः लिहिलेले, गुगलचं भाषांतर नको. मत विचारताना "आवडला का?" पेक्षा "ह्यात काय खटकतं?" विचारा. कुणी म्हणालं की ह्यात मला अमक्या संघटनेचा झेंडा दिसतो, तर वाद घालू नका, त्याला दिसतो म्हणजे आणखी शंभर जणांना दिसणार, बदला.

आणि हक्काचं आधी मिटवा. ऑस्ट्रेलियात आदिवासींचा काळा-तांबडा झेंडा, मधे पिवळा गोल, हॅरॉल्ड थॉमस या कलाकारानं काढला, १९७१ साली ॲडलेडमध्ये पहिल्यांदा फडकला, १९९५ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली, पण कॉपीराइट त्यांच्याकडंच होता, पुढं कपड्यांवर कोण छापणार ह्यावरून मोठा वाद झाला आणि शेवटी २०२२ मध्ये सरकारनं पैसे मोजून हक्क विकत घेतले. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहून टाका की हा झेंडा कुणीही, कशावरही, फुकट वापरावा, आणि फाइल रंगांच्या कोडसकट सगळ्यांना डाउनलोड करता येईल अशी ठेवा. टीशर्टवाल्यानं चार पैसे कमावले तर कमवू दे, त्यानंच झेंडा गावभर होतो.

शेवटचं, कापड घेताना त्याच ताग्यातलं अर्धा मीटर जास्तीचं घेऊन ठेवा, प्रत्येक रंगाचं. कड फाटली की तेवढी कापून, नवीन दुमड मारून झेंडा परत वापरता येतो, एखाद-दुसऱ्यांदा सहज, आणि ठिगळ लावायची वेळ आली तर दुकानात नंतर तोच रंग मागून मिळत नाही, पुढच्या ताग्याचा विटकरी हमखास वेगळा निघतो.